घरचा लॅपटॉप, लिनक्स आणि हात लावण्याचा अधिकार

(बेंगळुरूत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत अडकलेल्या शिष्यवृत्तीची चर्चा होते, जात पडताळणीची होते, या शहरात आडनाव सांगितल्यावर भाड्याची खोली कशी हातची जाते याची होते. आज मला घरच्या लॅपटॉपवर बोलायला सांगितलं आहे. विषय कळल्यावर दोघांतिघांनी विचारलं, हा तर कंप्युटरवाल्यांचा विषय, आमचं काय काम? म्हणून सुरुवातीला एवढंच विचारतो की इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात पहिला लॅपटॉप त्यांनी स्वतः आणला? हात बघा. जवळजवळ सगळ्यांचेच वर आहेत.

आपल्या घरातला लॅपटॉप एकट्याचा नसतो. त्यावर भाऊ स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ बघतो, वहिनी शाळेचे तक्ते भरते, शेजारची पोरं प्रवेशाचा फॉर्म भरायला येतात. जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, दहावीपासूनच्या मार्कशीट, आईच्या दवाखान्याचे कागद सगळे त्यातच असतात. तो बंद पडला तर दुसरा लगेच येत नाही. म्हणून तो कोणाच्या मर्जीने चालतो आणि कोणाच्या मर्जीने बंद पडतो, हा प्रश्न फक्त कंप्युटरवाल्यांचा राहत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे त्या दिवसापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालं. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना पुढे एक वर्षाची मुदत मिळाली, एवढंच. विंडोज ११ वर जा म्हणावं, तर त्याच्या अटी आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. माझा लॅपटॉप एसपी रोडवरून सोळा हजाराला घेतलेला, कंपनीतून निघालेला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. आठ जीबी रॅम, एसएसडी, स्क्रीन धड, कीबोर्ड धड. यंत्रात काही बिघाड नाही. पण अटींच्या यादीत ते बसत नाही.

दुकानात विचारलं तर दोन उत्तरं मिळाली. एक, नवा घ्या. दुसरं, आम्ही काहीतरी करून अकरा टाकून देतो, चारशे रुपये द्या. हे ‘काहीतरी करून’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. क्रॅक, अ‍ॅक्टिव्हेटर, कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली फाइल. त्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, त्याचं कुलूप अनोळखी माणसाने फोडून दिलेलं असतं.

तिसरा रस्ता होता आणि तो फुकटचा होता. लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं. मी ते टाकायला बसलो तेव्हा धाकटी बहीण शेजारी होती. ती माझ्याकडे राहून एमपीएससीची तयारी करते. ती म्हणाली, “दादा, राहू दे ना. बिघडलं तर?”

या ‘बिघडलं तर’वर मी खूप विचार केला आहे. ही भीती तिची एकटीची नाही. आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत तीस मुलांना आठ यंत्रं होती आणि प्रयोगशाळा सांभाळणारे गृहस्थ दिवसातून वीस वेळा एकच वाक्य म्हणायचे, “हात लावू नका.” ज्यांच्या घरी संगणक होता ती मुलं हसायची आणि हात लावायची. त्यांना माहीत होतं की बिघडलं तर काका येऊन नीट करतील. आम्ही हात मागे घ्यायचो. तीन वर्षांत त्यांनी यंत्र उघडून बघितलं आणि आम्ही वहीत त्याची आकृती काढली. पुढे मुलाखतीत त्यांचा तो उघडून बघण्याचा सराव ‘हुशारी’ म्हणून मोजला गेला.

‘हात लावू नका’ हे वाक्य आपल्या समाजाला संगणक यायच्या कितीतरी आधीपासून ऐकवलं गेलं आहे. पाण्याला, पोथीला, देवळाच्या उंबऱ्याला. मी उगाच ताणत नाही. लॅपटॉप म्हणजे चवदार तळं नव्हे. विंडोज वापरलं म्हणून कोणी कोणाला मारहाण केलेली नाही, आणि महाडच्या सत्याग्रहाची तुलना एखाद्या सॉफ्टवेअरशी करणं मला शोभणार नाही. पण एक गोष्ट महाडमधून जरूर शिकण्यासारखी आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळंही खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडं होतं. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन प्रत्यक्ष तिथे जाईपर्यंत ते आपल्यासाठी बंदच होतं. कागदावर खुलं असणं आणि आपण तिथे जाऊन ओंजळ भरणं, यात अंतर असतं. मुक्त सॉफ्टवेअर गेली चाळीस वर्षं कागदावर सगळ्यांना खुलं आहे. आपण तिथे किती गेलो?

आता हे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक सॉफ्टवेअर माणसाने लिहिलेल्या मजकुरातून तयार होतं. त्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो दाखवत नाहीत. आपल्याला तयार वस्तू वापरायची परवानगी मिळते, आत काय आहे ते वाचायची नाही. वरून ओंजळीत पाणी ओतायची पद्धत आपल्या आजोबांनी सोसली आहे. पाणी मिळतं, पण घडा दुसऱ्याच्या हातात असतो. त्याने हात आखडला की संपलं.

अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल करून, कागद अडकला की सगळ्यांना सूचना जाईल अशी सोय त्याला करायची होती. पण सोर्स कोड ज्याच्याकडे होता त्याने तो द्यायला नकार दिला, कारण त्याने गुप्ततेचा करार केला होता. अशा अनुभवांतून स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं हवीत असं तो म्हणाला. कोणत्याही कामासाठी वापरण्याचं, आतला मजकूर वाचून समजून घेण्याचं, दुसऱ्याला प्रत देण्याचं आणि सुधारून ती सुधारणा वाटण्याचं. १९८९ मध्ये त्यासाठी जीपीएल नावाचा परवाना आला. त्यातली मुख्य अट अशी की हे सॉफ्टवेअर तुम्ही सुधारून पुढे दिलंत, तर घेणाऱ्यालाही तीच स्वातंत्र्यं द्यायची. विहिरीतून पाणी घ्या, हवं तर विहीर खोल करा, पण पुढच्यासाठी कुंपण घालू नका.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्यातून लिनक्सचा गाभा तयार झाला. ग्नूची साधनं आणि लिनक्सचा गाभा मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते बनलं. त्याचे अनेक अवतार आहेत. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आणि आपल्याकडे सी-डॅकने काढलेलं बॉस. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. या बेंगळुरूतल्या काचेच्या इमारतींत जे सर्व्हर सांभाळले जातात, त्यातले बहुसंख्य लिनक्सचेच असतात. म्हणजे जे घरी ‘अवघड’ म्हणून आपण टाळतो, त्याच्याच जोरावर या शहरातल्या नोकऱ्या उभ्या आहेत.

याच शहरातलं एक उदाहरण तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं. सुदर्शन लेआउट नावाची झोपडवस्ती आहे. तिथे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी एक संगणक केंद्र सुरू केलं. नाव ठेवलं आंबेडकर कम्युनिटी कंप्युटिंग सेंटर. दान मिळालेली यंत्रं, त्यावर ग्नू-लिनक्स, आणि शिकवायला स्वयंसेवक. मुलं तिथे गिंप नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चित्रं काढायला शिकली. ग्नू प्रकल्पाच्या संकेतस्थळावर शिक्षणातल्या उदाहरणांमध्ये या केंद्राची नोंद आहे आणि बाबासाहेब कोण होते तेही तिथे लिहिलं आहे. जगभरातला माणूस मुक्त सॉफ्टवेअरबद्दल वाचायला जातो आणि तिथे त्याला बेंगळुरूच्या वस्तीतली मुलं आणि बाबासाहेबांचं नाव भेटतं. ज्या मुलांच्या आईबापांनी या शहराच्या इमारती बांधल्या, धुणीभांडी केली, त्यांना पहिल्याच दिवशी यंत्राला हात लावायला मिळाला. विकतचं सॉफ्टवेअर असतं तर प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे पैसे मोजावे लागले असते, नाहीतर चोरी करावी लागली असती. दोन्हीची गरज पडली नाही.

केरळने हेच राज्याच्या पातळीवर केलं. तिथल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं, आणि पोरं मल्याळममध्ये संगणक वापरतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. महाराष्ट्रात आपण बहुतेक जण एमएस-सीआयटीला विंडोज आणि ऑफिस शिकलो, आणि संगणक म्हणजे तेवढंच अशी समजूत घेऊन बाहेर पडलो.

आता प्रत्यक्ष काम. वही काढा.

पहिलं काम, कागदपत्रं वाचवा. वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर सगळ्यांची प्रत घ्या आणि ती दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून बघा. फाइल दिसते म्हणजे ती उघडते असं नाही. व्हॅलिडिटीचा स्कॅन, सही-फोटोच्या फाइली, बँकेचे कागद, घरच्यांचे फोटो. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का तेही पाहा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर तुमचीच डिस्क तुम्हाला ओळख देणार नाही.

दुसरं, नव्या माणसाने लिनक्स मिंट घ्यावं असं मी सांगेन. त्याचा चेहरामोहरा विंडोजसारखा आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. चालायला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते, चार असली तर बरं. यंत्र फारच जुनं असेल तर त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. फाइल तीन जीबीच्या आसपास आहे आणि ती फक्त मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवायची, कोणी टेलिग्रामवर दिली म्हणून नाही. फाइल वाटेत बदललेली नाही ना, हे तपासायची पद्धत तिथेच दिली आहे. ती वापरा.

तिसरं, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. रूफस किंवा एचरसारख्या छोट्या सॉफ्टवेअरने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जाईल, हे लक्षात ठेवा.

चौथं, लॅपटॉप बंद करून चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबायचं. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ-बारा, एचपीला एफ-नऊ. तिथून पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स सुरू होतं, आणि डिस्कवर एक अक्षरही न लिहिता. याला लाइव्ह म्हणतात. माझ्या बहिणीची भीती इथे गेली. मी तिला सांगितलं, “अजून काहीच टाकलेलं नाही. पेनड्राइव्ह काढ आणि रीस्टार्ट कर, तुझं जुनं सगळं जसंच्या तसं.” तिने तसं करून पाहिलं. विंडोज परत आलं. मग तिने स्वतः पुन्हा पेनड्राइव्ह लावला आणि तासभर सगळीकडे क्लिक करत बसली. लाइव्हमध्ये असतानाच वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण बंद करून उघडणं, हे सगळं तपासा. काही वाय-फाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरता येतं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेता येतो.

पाचवं, टाकणं. दोन पर्याय येतात. विंडोजच्या शेजारी टाका, किंवा सगळं पुसून टाका. पहिल्या वेळी शेजारीच टाका. चालू करताना कोणतं हवं ते विचारलं जातं. तीन-चार महिन्यांत तुम्हालाच कळेल की विंडोजकडे किती वेळा जावं लागतं. झाल्यावर अपडेट करा आणि टाइमशिफ्ट नावाची सोय सुरू ठेवा. ती सिस्टिमच्या ठरावीक दिवसांच्या नोंदी ठेवते. काही बिघडलं तर त्या दिवसावर परत जाता येतं. म्हणजे हात लावून बिघडलं तरी परतीची वाट असते. आमच्या प्रयोगशाळेत ही वाट कोणी दाखवली असती तर बरं झालं असतं.

आता अडचणी. जे विकतात ते अडचणी सांगत नाहीत, मला काही विकायचं नाही. टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड लिनक्सवर सरळ चालत नाहीत. ज्यांची रोजीरोटी त्यावर आहे त्यांनी विंडोज शेजारी ठेवावंच. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर मिळत नाहीत. डिजिटल सहीची यूएसबी टोकन कधी चालतात, कधी त्रास देतात. लिब्रेऑफिसमध्ये वर्डची साधी फाइल नीट उघडते, पण गुंतागुंतीचे तक्ते असतील तर मांडणी हलू शकते. बायोडेटा पाठवताना पीडीएफ करून पाठवा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपला हे काही करू नका, तो तुमचा नाही. स्पर्धा परीक्षेसाठी टायपिंगचा सराव करत असाल तर केंद्रावर कोणतं सॉफ्टवेअर आणि कोणता कळफलक असतो ते विचारून त्यावरच सराव ठेवा. बाकी फॉर्म भरणं, व्हिडिओ क्लास, ईमेल, बँक हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, आणि ब्राउझर इथेही तेच आहेत.

मराठीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण खरी दौलत इथे आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलात की मराठीचे कळफलक आधीच असतात. एक इनस्क्रिप्ट. दुसऱ्याच्या नावात ‘कगप’ असं दिसेल. हे कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्, इथलीच, कन्नडसाठी काम करणारी संस्था. उच्चारानुसार टाइप करायची त्यांची मांडणी होती, ती पुढे मराठीलाही लावली गेली. कन्नड माणसांनी केलेलं काम मराठी माणसाच्या बोटांखाली आलं, कोणाची परवानगी न मागता. सीमाभागाचं भांडण पेटवणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

दुसरी गोष्ट फॉन्टची. बेंगळुरूच्याच सायबरस्केप कंपनीचं आकृती सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या कितीतरी डीटीपीवाल्यांनी वापरलं. त्या कंपनीने नऊ भारतीय लिप्यांचे आपले काही फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले होते. बहुतेकांनी मात्र असं केलं नाही. त्याची किंमत काय, ते सांगतो.

माझे मामा जिल्ह्याच्या गावी एक छोटं त्रैमासिक काढायचे. पगारातून पैसे घालून, पोस्टाने अंक पाठवून. गावोगावच्या कवींच्या कविता, शाहिरांच्या मुलाखती, १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत घर जळलेल्या बायांनी सांगितलेल्या आठवणी. सगळं डीटीपी ऑपरेटरकडे टाइप झालेलं, त्याच्या विकतच्या फॉन्टमध्ये. ऑपरेटरचं दुकान बंद झालं, संगणक भंगारात गेला. मामांकडे सीडी राहिल्या. त्या फाइली आज उघडल्या की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कारण त्या काळी प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरांना आपापले आकडे दिले होते, आणि त्यांची चावी त्या फॉन्टमध्ये होती. आपली आठवण, आपले शब्द, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

महाराष्ट्रात असे मामा पुष्कळ आहेत. आंबेडकरी चळवळीचं कितीतरी लेखन मोठ्या प्रकाशकांनी छापलंच नाही. ते अशा त्रैमासिकांत, जयंतीच्या स्मरणिकांत, पुस्तिकांत आहे. हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलं आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं, तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि गुजराती-तमिळ भाषांतरंही झाली. कोणाच्या परवानगीसाठी ते थांबले नाहीत, म्हणून तो मजकूर आज जगभर आहे. आज आपण जे लिहितो ते युनिकोडमध्ये आणि ओपन डॉक्युमेंटसारख्या खुल्या स्वरूपात ठेवलं, तर वीस वर्षांनी कोणत्याही यंत्रावर उघडेल. आणि जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणता येतात. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता बनवावा लागतो, काही फॉन्टसाठी तयार साधनंही मिळतात. मामांच्या चार अंकांचा मजकूर मी आणि बहिणीने असा परत मिळवला आहे. जोडाक्षरं बिघडतात, रफार भलतीकडे जातो, ओळ न ओळ वाचावी लागते. ते वाचताना तिला तिच्या आज्जीच्या गावची, दंगलीत घर गेलेली एक बाई भेटली. अभ्यासक्रमात ती कुठेच नव्हती.

मग मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जात नाही का? आहे. फुकट काम करायला मोकळा वेळ लागतो, इंग्रजी लागतं, घरी बसायला जागा आणि इंटरनेट लागतं. हे कोणाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे ते सांगायला नको. ‘इथे फक्त कोड बोलतो’ असं म्हणणारे लोक आपला सराव कुठून आला ते सांगत नाहीत. नवख्याने साधा प्रश्न विचारला की ‘आधी वाचून ये’ म्हणून हाकलणारेही भेटतात. तंत्रज्ञान जात मानत नाही असं वाटणाऱ्यांनी अमेरिकेकडे बघावं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याच्या आरोपावरून दावा दाखल केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. जिथे जात नाही तिथे असे कायदे करावे लागत नाहीत. मुक्त परवाना आपल्याला दारातून आत सोडतो. आत बसायला जागा कोणी देत नाही, ती आपली आपण करावी लागते.

म्हणून शेवटी तीन कामं सुचवतो. हवेत बोलून उपयोग नाही.

एक. इथून जाताना ज्यांचे लॅपटॉप विंडोज १० चे आहेत त्यांनी नावं लिहा. पुढच्या दोन रविवारी आपण एकत्र बसू. मी कोणाच्याही लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणार नाही. तुम्ही टाकायचं, मी शेजारी बसेन. एकाने शिकलं की त्याने दोघांना शिकवायचं, आणि त्यात मुली मागे बसता कामा नयेत. यंत्र भाऊ उघडतो आणि बहीण ते पुसून ठेवते, हेही बदलायचं आहे.

दोन. आपल्या ऑफिसांतून, ओळखीतून जुने लॅपटॉप निघतात. ते भंगारात घालण्याऐवजी त्यांवर मिंट टाकून, मराठी कळफलक लावून गावाकडच्या अभ्यासिकांना आणि विहारातल्या वाचनालयांना देऊ. सोबत मराठीत दहा पानांची पुस्तिका द्यायची, ती आपणच लिहू. इंग्रजीत अशी मदत ढीगभर आहे, मराठीत शोधूनही फारशी सापडत नाही. ती पुस्तिका खुल्या परवान्याखाली ठेवू, म्हणजे कोणालाही छापता येईल, सुधारता येईल.

तीन. सुट्टीत घरी जाल तेव्हा मामा, काका, जुने कार्यकर्ते यांच्या कपाटातल्या सीडी आणि फ्लॉपी शोधा. ज्यांनी ते लिहिलं ती माणसं थकली आहेत. फ्लॉपी आणि सीडीही कायम टिकत नाहीत.

मी सोळा हजाराच्या यंत्रावर फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, याला क्रांती म्हणत नाही. जमीन मिळत नाही त्याने, खोली मिळत नाही, अट्रॉसिटीची केस उभी राहत नाही. पण आपल्या घरात असं एक यंत्र आहे जे बहिणीला आतून माहीत आहे. गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी फॉर्म भरायला आली आणि माउसपासून हात लांब ठेवून बसली. बहिणीने माउस तिच्याकडे सरकवला आणि म्हणाली, “तू कर. बिघडलं तर बघू.”

नावं लिहायची वही इकडे ठेवली आहे. आता प्रश्न विचारा.

जय भीम.